हिरव्या कार्डाचे पिंजरे

मी तोंडाची फटकळ आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. नवघरच्या आमच्या सोसायटीत टँकरवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. आमचे आत्माराम तर म्हणतात, तू नोकरीवर त्या उंदरांशी कशी बोलतेस ते एकदा येऊन बघायचंय. उंदरांशी मी चांगलीच बोलते, ते उलट उत्तर देत नाहीत. माणसांशी बोलायचाच आता कंटाळा येतो, आणि ज्या शुक्रवारचं मी सांगतेय त्या दिवसापासून तर फारच.

काशीमिऱ्याला हायवेच्या मागच्या गल्लीत आमची प्रयोगशाळा आहे. बाहेरची पाटी लहानशी आहे, मुद्दामच. औषध माणसाला देण्याआधी जनावराला देऊन बघावं लागतं, ते काम आम्ही करतो. पांढऱ्या उंदरांना रोज सकाळी नळीने औषध पाजायचं, वजन घ्यायचं, आणि नऊ वाजता एकेक पिंजरा बघून तक्त्यात नोंद करायची. डोळे, नाक, केस, चाल, खालचा भुसा. काही वेगळं दिसलं तर लिहायचं, नाहीतर 'एन'. एन म्हणजे नॉर्मल. बावीस वर्षं झाली, स्वतःचं नाव लिहिलं नसेल इतक्या वेळा मी एन लिहिलाय.

त्या वेळी चार नंबरच्या खोलीत एका नव्या अँटिबायोटिकची अठ्ठावीस दिवसांची स्टडी चालू होती. पिंजऱ्यांना रंगीत कार्डं लावलेली. पांढऱ्या कार्डाला नुसतं पाणी, पिवळ्याला थोडं औषध, हिरव्याला मधलं, लालला जास्त. लालवाल्यांना त्रास होणार हे सगळे धरूनच चालतात. जीव अडकलेला असतो तो हिरव्यात. हिरवं निर्धोक ठरलं की त्यावरून माणसाचा पहिला डोस काढतात. आणि या जातीच्या औषधांत भीती असते ती किडनीची.

किडनीचं दुखणं मोठं लबाड. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं अर्ध्याहून जास्त काम गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी एकच होतं, किडनीला लघवी घट्ट करता येईनाशी होते. उंदीर पाणी जास्त पितो आणि भुसा ओला करतो. बास. एवढीच खूण. नंतर उंदराची किडनी चिवट असल्यामुळे आठवड्याभरात स्वतःला सावरून घेते, औषध चालू असलं तरीसुद्धा. अठ्ठावीस दिवसांनी रक्त काढावं तर सगळं छान. माणसाची किडनी तशी सावरेलच, याची खात्री कोण देणार?

तर हा भुसा बदलायचं काम भीमाबाईंचं.

भीमाबाई मूळच्या परभणीकडच्या. काशीगावात भाड्याच्या खोलीत राहतात, नवरा तात्याराव एका टॉवरवर वॉचमन. अकरा वर्षं आमच्याकडे कंत्राटावर आहेत. पिंजरे धुणं, बाटल्या भरणं, मंगळवारी आणि शनिवारी भुसा बदलणं. अकरा वर्षांत आजारपणाची एक रजा नाही, कारण कंत्राटात रजाच नसते. त्या वर्षी पहिल्यांदा कंत्राटावरच्या पाच जणांना कायम करायचं ठरलं होतं. भीमाबाईंचं नाव यादीत दुसरं होतं. आमच्या डॉक्टर मृणालिनी मॅडम, म्हणजे स्टडीच्या प्रमुख, त्यांनी ते स्वतः घातलं होतं. यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला वर जाणार होती. अट एकच, नावावर नियम मोडल्याचा एकही फॉर्म नसावा.

भीमाबाईंनी मला ही यादीची गोष्ट महिन्याभरात दहा वेळा तरी सांगितली असेल. "म्याडम, कायम झाले तर आईच्या वर्षसराद्धाला..." असं म्हणायच्या आणि मग स्वतःच हसायच्या, "आमच्यात सराद्ध न्हाई, पर गावाला तं जाईन. पगारी रजा घिऊन." पगारी रजा हे दोन शब्द त्या असे म्हणायच्या की मलाच लाज वाटायची.

गुरुवारी, औषधाच्या अकराव्या दिवशी, मी मागच्या बाजूला गेले होते. वापरलेला भुसा पिवळ्या पिशव्यांत बांधून तिथे ठेवतात आणि गाडी येऊन उचलून नेते. वरसाव्याच्या पुलाजवळ रस्त्याचं काम निघालं होतं, त्यामुळे गाडी शनिवारनंतर फिरकलीच नव्हती. एरवी पिशव्या रोजच्या रोज जातात, त्यांच्याकडे कोण बघतंय? त्या दिवशी त्या भिंतीला लागून रचलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर खोलीचा नंबर आणि तारीख भीमाबाईंच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. खोली चार, मंगळवार. बरोबर. खोली चार, रविवार. आं? खोली चार, सोमवार. खोली चार, बुधवार. आणि आजची.

मी एक पिशवी उचलून बघितली. ओल्या भुशाची पिशवी हाताला कळते. उघडायची गरज पडली नाही.

भीमाबाई बाटल्या धूत होत्या. मी विचारलं, "चार नंबरचा भुसा रोज बदलताय तुम्ही?"

त्यांचा चेहरा पडला. "रोज न्हाई म्याडम. शनवारपासून."

"सगळे पिंजरे?"

"न्हाई. लाल कार्डाचे आन् हिरव्या कार्डाचे. लई वल्लं करून ठिवतात. सकाळी सातला येते ना मी, तवाच उरकते. तुमी यायच्या आत कोरडं करून ठिवते." वर आणखी, "पानी बी लई पितात, बाटल्या रोज भराव्या लागतात. वल्ल्यात पाय कुजतात बिचाऱ्यांचे."

हिरव्या कार्डाचे! मी नऊ वाजता येत होते, कोरडा स्वच्छ भुसा बघत होते आणि ओळीने एन, एन, एन लिहून मोकळी होत होते. पाच दिवस किडनी ओरडून सांगत होती आणि आम्ही दोघींनी मिळून तिचं तोंड दाबून धरलं होतं. एकीने मायेने, दुसरीने डोळे मिटून.

आता खरं तर तिथल्या तिथे फॉर्म भरायला हवा होता. नियम मोडला, कुणी, कधी, का. पण 'कुणी' या रकान्यात भीमाबाईंचं नाव जाणार आणि शुक्रवारची यादी डोळ्यांसमोर. मी एक आडवाट काढली. शहाणपणाच वाटला मला तो. भीमाबाईंना म्हटलं, "उद्या काही बदलायचं नाही. आहे तसं राहू दे. मी नऊला बघेन, ओलं दिसेल, आणि जणू आजच दिसलं असं लिहीन. मग लघवीची तपासणी लागेल, काम होऊन जाईल. तुमचं नाव कुठे यायला नको."

भीमाबाईंनी हात जोडले. मला ते आवडलं, हे कबूल करते. घरी जाताना रिक्षावाल्याशी सुद्धा भांडले नाही.

शुक्रवारी मी साडेसातलाच हजर. लाल कार्डाचे पिंजरे भिजून चिंब. हिरव्याचे कोरडे.

मी एकेका पिंजऱ्यात हात घालून बघितलं. वीसच्या वीस उंदीर टुणटुणीत. बाटल्यांतलं पाणी पांढऱ्या कार्डाइतकंच उतरलेलं. माझ्या मागे भीमाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्याडम, आईची शप्पत, मी हात लावला न्हाई."

त्यांनी हात लावला नव्हताच. किडनी सावरली होती. सहाव्या दिवशी बिघडली, बाराव्या दिवशी सावरली, आणि मधले सगळे दिवस त्या पिवळ्या पिशव्यांत बांधलेले होते, पण पिशव्यांवर कार्डाचा रंग कुठेच नव्हता. आता हिरव्या कार्डाबद्दल सांगायला जगात एकच साक्षीदार उरली होती, ती म्हणजे भीमाबाई. एक आशा होती. किडनीला मार बसला की तिच्या पेशींतून एक प्रोटीन लघवीत उतरतं आणि जखम भरत आली तरी दोन-तीन दिवस ते राहतं. आज रात्रभर लघवी जमवली तर सापडेल. सोमवारी सापडेलच असं नाही. पण प्रोटोकॉलमध्ये नसलेली लघवी घ्यायची तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि कारण म्हणजे तो फॉर्म.

मग माझं डोकं फिरलं. काल फॉर्म भरला असता तर कालच लघवी मिळाली असती, ही चूक माझी होती. पण राग काढायला समोर भीमाबाई होत्या. "एवढं पाच-पाच दिवस ओलं दिसतंय तर एकदा तोंड उघडता येत नाही? मी काय वाघ आहे का? मला सांगायला काय झालं होतं?" बाहेर ऐकू जाईल इतकी मी ओरडले.

भीमाबाई हळूच म्हणाल्या, "गेल्या साली त्या परदेशी पाव्हन्यांनी वल्ला पिंजरा बघितला व्हता. तुमी समद्यांसमोर म्हनला, परत वल्ला पिंजरा माझ्या डोळ्याला पडला तर गेटाभायर काढीन. तवापासून मी तुमच्या आधी येते."

मी तिथल्या स्टुलावर बसले. आठवत होतं मला. शब्दन् शब्द आठवत होता. औषध कंपनीचे ते परदेशी लोक आले होते, मॅडम मागे उभ्या होत्या, माझं नाक कापल्यासारखं झालं होतं आणि मी भीमाबाईंवर घसरले होते. घरी जाऊन विसरूनही गेले होते. त्या बाईने वर्षभर ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "हे औषध पुढं कुनाला देनार?"

"आधी धडधाकट माणसांना. तपासायला जे तयार होतात त्यांना. मग आजाऱ्यांना."

"मंग लिवा," भीमाबाई म्हणाल्या. "माझ्या नावाचं काय व्हायचं ते व्हईल."

मी त्यांना म्हटलं, थांबा जरा. आणि तेव्हा मला सुचलं की खोटं न लिहिताही या बाईला वाचवता येतं. फॉर्ममध्ये 'का' नावाचा रकाना आहेच की! तिथे मी इंग्रजीत लिहिलं, आणि मराठीत सांगायचं तर असं: ओला पिंजरा दिसता कामा नये अशी तोंडी सूचना मी स्वतः, सर्वांसमोर, दिली होती, भुसा त्या सूचनेमुळे बदलला गेला. खाली सही केली. नियम मोडला माझ्यामुळे. 'कुणी' या रकान्यात माझं नाव. बावीस वर्षांत लिहिलेली तेवढीच एक ओळ मला मनापासून खरी वाटली.

मृणालिनी मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. त्याही थकलेल्या दिसत होत्या, तीन स्टडी एकदम चालू होत्या त्यांच्या. म्हणाल्या, "नीलिमा, यादी आज पाचला जातेय. हा फॉर्म सोमवारी माझ्या टेबलावर आला तर आज मला काहीच माहीत नाही."

"आणि लघवी?"

"सोमवारी घेऊ."

"सोमवारी काय मिळणार मॅडम? हिरवे आजच कोरडे झालेत."

त्या बराच वेळ पेनाशी चाळा करत बसल्या. "तू खरंच असं म्हणाली होतीस?"

"तुमच्यासमोर. तुम्ही मागे उभ्या होतात."

"मला आठवत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांना खरंच आठवत नव्हतं. आपण जे बोलत नाही ते कुठे आठवतं आपल्याला? त्यांनी लघवी घ्यायच्या कागदावर सही केली. फॉर्म मात्र गुणवत्ता विभागाच्या स्वप्नीलकडे गेला. नियम असा की ज्याने काम केलं त्याचा स्वतःचा जबाब लागतो. भीमाबाईंनी एवढंच म्हणायचं होतं, हो, नीलिमा मॅडमनी सांगितलं होतं. मग फॉर्म माझ्या नावावर, आणि यादी आहे तशी वर.

त्यांना आधी पढवायची सोय नव्हती. स्वप्नील त्यांना घेऊन लगेच काचेच्या खोलीत गेला. पोरगा सरळ आहे, उगाच कुणाचं वाईट करणारा नाही. मी बाहेरून बघत होते. भीमाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, हात मांडीवर. स्वप्नील काहीतरी विचारत होता, त्या मान हलवत होत्या. नाही. परत विचारलं. नाही. तिसऱ्यांदा त्याने फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, तेव्हा त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

स्वप्नील बाहेर आला. कागदावर लिहिलं होतं: नीलिमा मॅडमनी मला असं कधीही सांगितलं नाही. त्या चांगल्या आहेत. उंदरांची दया आली म्हणून मी माझ्या मनाने केलं. खाली सही, भीमाबाई तात्याराव, नवऱ्याच्या नावासकट.

"अरे, खोटं आहे हे," मी म्हटलं. "मी म्हणाले होते. मला बोलू दे त्यांच्याशी."

"आता बोललात तर तो दबाव होतो, मॅडम. मी तीनदा विचारलं, तुम्ही बघितलंत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही त्यांच्यासाठी स्वतःवर घेताय, हे कळतंय मला. मन मोठं आहे तुमचं. पण माझ्याकडे सही केलेला जबाब आहे."

मोठं मन! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. गेल्या साली माझं ते वाक्य ऐकणाऱ्या दुसऱ्या दोघी केव्हाच काम सोडून गेल्या होत्या, मॅडमना आठवत नव्हतं, आणि जिला आठवत होतं तिने कानांना हात लावले होते. पाचला दहा मिनिटं असताना यादीतल्या दुसऱ्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली गेली. पट्टी ठेवून, म्हणजे वाकडी नको.

पुढचं इथेच सांगून टाकते. त्या रात्री जमवलेल्या लघवीचा रिझल्ट पंधरा दिवसांनी आला. हिरव्या कार्डाच्या उंदरांत ते प्रोटीन पांढऱ्यांच्या चौपट होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी क्रिएटिनिन अगदी नॉर्मल निघालं, ठरल्याप्रमाणे. पण आता काय शोधायचं ते माहीत असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली किडनीच्या काचपट्टीवर भरून आलेल्या जखमा सापडल्या. मधला डोस निर्धोक नाही असं अहवालात गेलं आणि माणसाचा डोस बराच खाली आला. मॅडमनी माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, घरी जाऊ का.

तर त्या शुक्रवारी. साडेसहाला मी गेटमधून बाहेर पडले. यादीचं भीमाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, ती नोटीस बोर्डावर लागल्यावरच कळते. त्या गल्लीच्या तोंडाशी माझी वाट बघत थांबल्या होत्या. एरवी कधी थांबत नाहीत. आम्ही नाक्यापर्यंत एकत्र चाललो. त्या भरभर बोलत होत्या, हलक्या झालेल्या दिसत होत्या.

"म्याडम, त्यो स्वप्नील लई हुशार. फिरवून फिरवून इचारत व्हता बगा. म्याडमनी सांगितलं व्हतं का, म्याडम वरडल्या व्हत्या का. माझ्या तोंडातून तुमचं नाव काढून घ्यायला बगत व्हता. कागदावर बी काय काय लिवून आनलं व्हतं त्यानं. मी म्हनलं, अकरा वर्सं झाली हितं, मला काय येवढं कळत न्हाई?"

नवघरकडे जाणारी शेअर रिक्षा आली, "एक सीट, एक सीट," तो ओरडत होता. मी हात केला नाही. ती गेली.

भीमाबाई माझ्या जवळ सरकल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"न्हाई घेतलं मी तुमचं नाव," त्या म्हणाल्या. "घाबरू नका."

मला बोलायचं होतं. देवा, बावीस वर्षं या तोंडाने काय काय बोलले, आणि त्या वेळी एक शब्द फुटेना. त्यांनी पदराने घाम पुसला आणि दुसऱ्या रिक्षेकडे बघत विचारलं, "सोमवारी लागंल न्हवं यादी?"

मी म्हटलं, "हो. सोमवारी लागेल."